न केलेल्या मृत्युपत्राचा भार कोणावर?

1 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्र सरकारनं राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेतली. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं राहून गेलेली मयत खातेदारांची नावं कमी करायची आणि वारसांची लावायची, असं तिचं स्वरूप. महसूल खात्याला त्यासाठी मोहीम काढावी लागली, यावरूनच माणूस गेल्यावर त्याच्या मिळकतीचं आपल्याकडे काय होतं ते कळतं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. जमीन आजोबांच्या नावावर, कसतो नातू. पीककर्ज काढायला गेला की अडतं, भूसंपादनाचा मोबदला आला की अडतो, आणि मग चुलते, आत्या, आत्यांची मुलं अशा सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरणं आलं. शहरात जमिनीच्या जागी फ्लॅट असतो, बँकेतली ठेव असते. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. मार्च 2024 अखेर त्या निधीत 78 हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम पडून होती. ती सगळी मृतांचीच आहे असं नाही, पण घरच्यांना ठाऊकच नसलेल्या ठेवीही त्यात आहेत.

मृत्युपत्र हा ज्याचा त्याचा खासगी मामला, ज्याला करायचं तो करेल, असं आपण धरून चाललो आहोत. मला हे पटत नाही. मृत्युपत्र न केल्याचा त्रास करणाऱ्याला होत नाही, तो गेलेला असतो. तो होतो घरात ज्याच्या शब्दाला सगळ्यात कमी वजन आहे त्याला. आधी विधवेला, मग लग्न होऊन गेलेल्या मुलीला, आणि घरात अपंग मूल असेल तर त्याला सगळ्यात जास्त. म्हणून हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि सरकारनंही तो तसाच हाताळला पाहिजे.

'माझ्यामागे सगळं बायकोचंच आहे, त्यात लिहायचं काय?' हे वाक्य घराघरात ऐकू येतं. ते किती चुकीचं आहे हे एका साध्या घरावरून पाहू. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, स्वकमाईतून घेतलेला फ्लॅट आहे. घरात बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि त्याची आई. तो मृत्युपत्र न करता गेला. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे (हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे) वारसांच्या पहिल्या वर्गात हे चौघंही येतात आणि चौघांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे ज्या घराचे हप्ते नवरा-बायकोनं मिळून फेडले, त्यातला पाव भाग बायकोचा. मुलं अल्पवयीन असतील आणि तिला घर विकून लहान घरात जायचं असेल, तर मुलांच्या वाट्यासाठी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. पुढे सासू वारली आणि तिनंही काही लिहून ठेवलं नसेल, तर तिचा पाव भाग तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटला जातो. आता त्या फ्लॅटमध्ये मोठ्या दिरांचा हिस्सा आहे, नणंदेचा आहे. माणसं चांगली असतील तर सह्या करून देतील. पण एकजण परदेशात असेल, एकाशी बोलणं बंद असेल, एकजण मधल्या काळात वारला असेल आणि त्याच्या मुलांना बाजारभावानं पैसे हवे असतील, तर ती बाई आपलंच घर विकण्यासाठी वर्षानुवर्षं दारोदार फिरते. यात कोणी दुष्ट असण्याची गरज नाही. कायद्यानं जसं ठरवून दिलंय तसंच सगळं घडलेलं असतं.

याच घरात एक पानभर मृत्युपत्र असतं तर? स्वकष्टार्जित मिळकत कोणाला द्यायची याची पूर्ण मोकळीक कायद्यानं दिलेली आहे. फ्लॅट बायकोला, आईला हयातीपर्यंत तिथं राहण्याचा हक्क, ठेवींतली अमुक रक्कम आईच्या औषधपाण्याला. एवढं लिहिलं असतं तर सून आणि सासू दोघींचीही सोय झाली असती.

दुसरा गैरसमज नॉमिनीचा, आणि तो पहिल्याहून हट्टी आहे. 'सगळीकडे नॉमिनी लावलाय' म्हणून निश्चिंत बसलेली माणसं शिकलेल्या घरांत सर्वाधिक दिसतात. नॉमिनी म्हणजे बँकेनं किंवा संस्थेनं पैसे कोणाच्या हातात द्यायचे तो माणूस. त्याच्या हातात पैसे दिले की बँक मोकळी होते. ते पैसे कोणाचे हा प्रश्न तसाच उरतो. सर्वोच्च न्यायालयानं विम्याबाबत हे 1983 साली सांगितलं, बँकेतल्या ठेवींबाबत 2010 साली, आणि शेअर व डिबेंचर (कंपन्यांचे कर्जरोखे) यांबाबत 14 डिसेंबर 2023 च्या निकालात. विम्याच्या कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर त्यांची बाजू भक्कम करण्यात आली, पण वाद त्यावरूनही होतातच. गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्रानं 2019 साली सहकार कायद्यात जी दुरुस्ती केली, त्यात तर स्पष्टच आहे की कायदेशीर वारसांची नावं लागेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो.

आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि ठेवींसाठी प्रत्येकापुढे टक्केवारीही लिहिता येते. सोय चांगली आहे. पण मला तिची काळजीही वाटते. टक्केवारी लिहिली की माणूस समजणार, वाटणी झाली. बँकेनं तो फॉर्म भरून घेताना, सही करण्याच्या जागेच्या लगेच वर, मोठ्या ठळक मराठीत एक वाक्य छापणं सक्तीचं असलं पाहिजे: नॉमिनी हा मालक नव्हे, मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. या एका वाक्यानं जेवढे दावे टळतील तेवढे कुठल्याही जनजागृती सप्ताहानं टळणार नाहीत.

आणि बायकांच्या स्वतःच्या मिळकतीचं काय? हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो, म्हणून जरा थांबून सांगतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वकमाई आधी मुलांकडे आणि नवऱ्याकडे जाते. हे दोन्ही नसतील तर ती तिच्या आईवडिलांकडे जात नाही. आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण आठवतं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली, आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभी राहिली. 1996 साली ती मृत्युपत्र न करता वारली. बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम मागे राहिली. तिच्या आईनं ती मागितली, आणि नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही. न्यायालयानं सहानुभूती व्यक्त केली, पण कायदा भावनेवर चालत नाही असं म्हणत रक्कम नवऱ्याच्या भाच्यांना दिली. जिथून तिला हाकलून दिलं त्या घराकडे तिची जन्माची कमाई गेली. कायद्याचं हे कलम बदललं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते बदलेपर्यंत नोकरी करणाऱ्या, विधवा, मूल नसलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईनं आज मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार आणि एक कागद एवढ्यावर त्या माउलीचे पैसे तिच्या आईला मिळाले असते.

मृत्युपत्राची प्रक्रिया अवघड आहे हा समजही खरा नाही. कागद साधा चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही, हातानं लिहिलं तरी चालतं, मराठीत लिहिलं तरी चालतं. करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि ती करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या त्याच्या समोर केलेल्या सह्या, एवढ्यावर ते पुरं होतं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्यावी असं मी सांगेन. कागद हरवला, फाडला, बदलला अशा शंकांना वाव राहत नाही. मनात आलं की पुन्हा बदलताही येतं, शेवटचं केलेलं तेच खरं धरतात.

गोष्टी बिघडतात त्या लिहिण्यात. 'माझी सर्व मालमत्ता मुलांना समान' असं एका ओळीत लिहून लोक मोकळे होतात आणि मग एका फ्लॅटचे, एका दुकानाचे आणि दोन एकर जमिनीचे समान तुकडे कसे करायचे यावरून भाऊ कोर्टात जातात. गट नंबर, फ्लॅट नंबर, भागदाखल्याचा (शेअर सर्टिफिकेटचा) नंबर, बँकेची शाखा हे सगळं लिहावं. प्रत्येक पानाला क्रमांक द्यावा, प्रत्येक पानाखाली सही करावी. ज्याला द्यायचं तोच आपल्या आधी गेला तर कोणाला, हे लिहावं. शेवटी 'याखेरीज माझ्या नावे जी काही मिळकत आढळेल ती अमुकला' हे वाक्य हवंच, कारण मृत्युपत्र केल्यानंतर माणूस आणखी वीस वर्षं जगतो आणि मधल्या काळात नवी ठेव ठेवतो, नवा प्लॉट घेतो. अंमलबजावणीसाठी एक विश्वासू माणूस नेमावा, आणि त्याला आधी विचारून नेमावा.

साक्षीदारांबद्दल एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. मृत्युपत्रावर वाद झाला तर दोनपैकी किमान एका साक्षीदाराला, तो हयात असेल तर, न्यायालयात येऊन सांगावं लागतं की होय, सही माझ्यासमोर झाली. पंच्याहत्तरीतला माणूस आपल्या पंच्याहत्तरीतल्या मित्रांच्या सह्या घेतो, आणि वेळ येते तेव्हा कोणीच उरलेलं नसतं. साक्षीदार आपल्याहून वयानं लहान, ओळखीचे, आणि मिळकतीत काडीचाही वाटा नसलेले हवेत. वय जास्त असेल, आजारपण असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ज्या मुलाला जास्त मिळणार आहे त्यानं वकील आणायचा, मजकूर टाइप करून घ्यायचा, साक्षीदार गोळा करायचे आणि आजारी वडिलांना गाडीत घालून निबंधकाकडे न्यायचं, हे तर टाळलंच पाहिजे. 1958 सालच्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की अशा संशयास्पद परिस्थितीत शंका दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. नोंदणी झालेली असली तरी असते.

मग वकिलाकडे कधी जायचं? मिळकत सगळी स्वकमाईची, वारस एकमेकांशी बोलणारे, वाटणी सरळ, अशा घराला वकील लागेलच असं नाही. एकदा मसुदा दाखवून घेतला तरी पुरतं. पण मिळकतीत वडिलोपार्जित काही असेल तर वकिलाशिवाय एक ओळही लिहू नये. वडिलोपार्जित मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो, आणि तो किती हे ठरवताना भले भले चुकतात. महाराष्ट्रानं 1994 सालीच मुलींना जन्मानं हिस्सेदार केलं, केंद्रानं 2005 साली केलं, आणि वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत मुलीचा हक्क जन्मापासूनच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही गावाकडची सगळी जमीन मुलांना लिहून देणारी मृत्युपत्रं आजही होतात, जणू मुलीचा हिस्साही वडिलांनी देऊन टाकण्यासारखा होता.

दुसरं लग्न असेल आणि पहिल्या लग्नाची मुलं असतील, तर सल्ला घ्यावा. नवरा-बायको वेगवेगळ्या धर्मांचे असतील तर घ्यावा, कारण विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं की वारसाचे नियम बदलू शकतात. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मिळकत मृत्युपत्रानं देता येत नाही, तिथं नमुना पाहून लिहिणं धोक्याचं. व्यवसायात भागीदार आहेत, मिळकत परदेशात आहे, एखाद्या वारसाला वगळायचं किंवा कमी द्यायचं आहे, जोडीदाराशी लग्न झालेलं नाही, अशा प्रत्येक ठिकाणी वकिलाची फी ही पुढच्या दाव्याच्या खर्चापुढे काहीच नसते.

घरात अपंग किंवा मतिमंद मूल असेल तर मात्र मी फक्त 'सल्ला घ्या' म्हणून थांबणार नाही, उद्याच जा म्हणेन. अशा मुलाच्या नावावर घर करून ठेवलं म्हणजे त्याची सोय झाली असं आईवडिलांना वाटतं. ते घर सांभाळणार कोण, भाडं कोण घेणार, त्यातून त्याच्यावर खर्च कोण करणार आणि त्या माणसावर लक्ष कोण ठेवणार? इथं ट्रस्ट करावा लागतो, विश्वस्त नेमावे लागतात, त्यांच्यानंतर कोण हेही लिहावं लागतं, आणि 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमण्याची जी व्यवस्था आहे ती आपल्या हयातीतच समजून घ्यावी लागते. भावंडं बघतील, असं म्हणून सोडणं म्हणजे त्या मुलाला दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणं आहे.

मृत्युपत्राचा खटाटोप नको म्हणून जिवंतपणीच मुलाच्या नावावर घर करून देणारेही पुष्कळ. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे (इतर आकार वेगळे), त्यामुळे हा मार्ग स्वस्त वाटतो. पण मृत्युपत्र फिरवता येतं, बक्षीसपत्र सहसा फिरवता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात ते रद्द करून घेण्याची तरतूद आहे, मात्र सांभाळ करण्याची अट होती हे दाखवावं लागतं. ही अट दस्तात लिहिलेली नसेल तर म्हातारपणी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढणं आलं. आयुष्याची शेवटची सुरक्षितता हातातून सोडू नये, असंच मी कोणाही ज्येष्ठाला कळकळीनं सांगेन. देताना अट लिहा, आणि शक्यतो देऊच नका, मृत्युपत्रात लिहा.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. वारसा कायदा मुलीला मुलाइतकाच वाटा देतो. मृत्युपत्र तो काढून घेऊ शकतं. मग मृत्युपत्रं वाढवा म्हणणं म्हणजे मुलींना वगळण्याचं हत्यार घरोघर वाटणं नाही का? आक्षेप खरा आहे. अनेक घरांत मुलींना काही मिळू नये एवढ्याचसाठी मृत्युपत्र केलं जातं. पण मृत्युपत्र नसतं तिथं मुलीला वाटा मिळतो असंही नाही. तेराव्यानंतर लगेच हक्कसोडपत्र पुढे येतं, भाऊ म्हणतो सही कर, आई गप्प बसते, आणि माहेर टिकावं म्हणून बहीण सही करते. कायद्यानं दिलेला वाटा निबंधक कार्यालयात अर्ध्या तासात सुटतो. वडिलांनी स्वतःच्या हातानं 'अमुक माझ्या मुलीला' असं लिहून ठेवलेलं असेल, तर ती सही मागताना भावाला वडिलांच्या इच्छेविरुद्ध जावं लागतं. आपल्या समाजात त्याला अजून वजन आहे.

तरीही मोकळीक पूर्ण असावी असं माझं मत नाही. गोव्याच्या कायद्यात मिळकतीचा अर्धा भाग ठरावीक वारसांसाठी राखीव राहतो, मुस्लिम कायद्यात दोन तृतीयांश. हिंदू कायद्यात अवलंबून असलेल्यांना मिळकतीतून निर्वाह मागता येतो, पण त्यासाठी दावा लावावा लागतो. किमान एवढं तरी कायद्यात यावं की हयात जोडीदाराचा राहत्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क कोणत्याही मृत्युपत्रानं काढून घेता येणार नाही.

सरकारकडून माझी दुसरी मागणी याहून सोपी आहे, तिला नवा कायदा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते, आणि त्या मदतीत कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्लाही येतो. खटला उभा राहिलेला असण्याची अट नाही. मग तालुका विधी सेवा समितीनं आठवड्यातला एक दिवस मृत्युपत्राच्या सल्ल्यासाठी राखून ठेवायला कोणाची हरकत आहे? मराठीतला सोपा मसुदा, एक वकील, आणि त्याच आवारात किंवा जवळ दुय्यम निबंधक. वकिलानं बाईशी एकटीशी बोलायचं, सोबत आलेल्या मुलाला किंवा दिराला बाहेर बसवायचं, हा नियम त्यात पहिला हवा. पुरुषाचं मृत्युपत्र करून देताना 'बायकोच्या राहण्याचं काय आणि मुलींना काय' हे दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरं कागदावर घ्यायची, हा दुसरा. मयतांची नावं सातबाऱ्यावरून कमी करायला महसूल खातं गावोगाव पोचू शकतं, तर हयात माणसांना आधीच लिहून ठेवायला मदत करण्यासाठी विधी सेवा समितीलाही त्याच गावांत पोचता येईल.